द्राक्षाची साल, हाताची साल

निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला सर्फॅक्टंट ही काय चीज आहे हे नव्याने सांगावं लागत नाही. त्याच्या औषधांच्या खोलीत ती कायम असते, फक्त तिथे तिला स्टिकर म्हणतात. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा पातळ, पांढुरका थर असतो. नुसतं पाणी फवारलं तर थेंब गोल होऊन घरंगळतात आणि महागामोलाचं औषध मातीत जातं. टाकीत थोडा स्टिकर पडला की तोच थेंब मण्यावर पसरतो आणि टिकतो. पाण्याचा स्वतःलाच घट्ट धरून राहण्याचा स्वभाव, ज्याला पुस्तकात पृष्ठताण म्हणतात, तो एवढ्याशा स्टिकरने सैल पडतो. अंगाचा साबण, भांड्यांची वडी, शाम्पू, धुण्याची पावडर या सगळ्यांत हेच काम करणारा कुठला ना कुठला रेणू असतो. त्याचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. तेलाकडचं टोक मळात रुततं, पाण्याकडचं टोक पाण्याला धरून राहतं, आणि धुताना मळ पाण्याबरोबर निघून जातो.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. नोकरी नाशिकमध्ये, रसायनशास्त्र शिकवण्याची. एकदा सुट्टीत घरी गेले असताना डेसिल ग्लुकोसाइड नावाच्या सौम्य सर्फॅक्टंटबद्दल दादाला सांगत होते. तो लगेच म्हणाला, "म्हणजे अंगाला लावायचा स्टिकर." माझ्या वर्गातल्या मुलांना हे समजावायला फळा भरून आकृत्या काढाव्या लागतात! वहिनी शेजारी बसून लसूण सोलत होत्या. त्यांना व्याख्येशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, "ताई, पण यानं हात फुटायचे थांबतील का?"

तेव्हापासून या विषयावर जे काही वाचलं, करून पाहिलं, ते त्या एका प्रश्नासाठी.

डेसिल ग्लुकोसाइडचा रेणू दोन ओळखीच्या गोष्टी जोडून होतो. पाण्याकडचं टोक म्हणजे ग्लुकोज, बहुतेक वेळा मक्याच्या स्टार्चपासून मिळवलेलं. तेलाकडचं टोक म्हणजे डेकॅनॉल, दहा कार्बनची साखळी असलेलं मेदापासूनचं अल्कोहोल. ते खोबरेल तेलातून किंवा पामच्या बियांच्या गराच्या तेलातून येतं. खोबरेल तेलात जवळपास निम्मा वाटा बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचा असतो. आठ आणि दहा कार्बनच्या आखूड साखळ्यांचा वाटा त्यामानाने लहान, आणि मुख्यतः त्याच इथे कामाला येतात. बाजारात जे डेसिल ग्लुकोसाइड म्हणून मिळतं त्यात लांब साखळ्यांचीही थोडी भेसळ असते. ती फसवणूक नव्हे. तेलातून जे येतं ते असंच मिश्र येतं.

साखर आणि अल्कोहोल यांची अशी जोडणी एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये करून दाखवली. दोन्ही आम्लासोबत तापवायचं, मधून पाण्याचा एक रेणू सुटतो आणि साखरेला साखळी चिकटते. फिशरला १९०२ मध्ये नोबेल मिळालं ते साखरा आणि प्युरिन यांच्यावरच्या कामासाठी. कागदावर ही रीत सोपी दिसते, पण लांब साखळीच्या अल्कोहोलात साखर विरघळत नाही, आणि जरा जास्त तापली की करपून काळी पडते. ज्या घरात पाक करपल्याचा वास कुणी घेतला असेल त्याला ही अडचण समजावून सांगायला नको. त्यामुळे कारखान्याच्या प्रमाणावर हे जमायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. हेन्केल या जर्मन कंपनीने १९९२ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला या कुळातल्या सर्फॅक्टंटचा मोठा कारखाना काढला, मग १९९५ मध्ये ड्युसेलडॉर्फला. शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास ही क्रिया चालते, हवेचा दाब कमी ठेवून पाणी काढून घेतात, उरलेलं अल्कोहोल निर्वातात ऊर्ध्वपातनाने वेगळं करतात, हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग उजळतात आणि शेवटी पाणी मिसळून निम्म्या ताकदीचं, फिकट पिवळं, जाडसर द्रावण डब्यात भरतात.

एवढं तपशिलात सांगितलं कारण बाटलीवर हिरवं पान काढून "वनस्पतिजन्य" असं छापलं की आपल्या डोळ्यांसमोर बाग येते. डेसिल ग्लुकोसाइड झाडाला लागत नाही. ते माणसाने फार मेहनतीने, फार हुशारीने घडवलेलं आहे. मला ते त्यामुळेच जास्त आवडतं.

दुसरीही एक गोष्ट इथेच सांगते. ज्याच्या नावाने हल्ली सगळे घाबरतात ते सोडियम लॉरिल सल्फेटही खोबरेल किंवा पामच्या तेलापासूनच बनवता येतं, आणि सर्रास बनतं. त्याचीही साखळी नारळातली. म्हणजे उगम विचारला तर दोघं सख्खे शेजारी. फरक पडतो तो साखळीच्या टोकाला काय बसवलंय त्याने. लॉरिल सल्फेटच्या टोकावर ऋण विद्युतभार असतो. त्वचेतल्या केराटिन प्रथिनाला ते चिकटतं, प्रथिन फुगतं, सैल होतं. त्वचारोगाच्या प्रयोगशाळांत जाणूनबुजून चुरचुर निर्माण करायची असते तेव्हा मोजमापाचं परिमाण म्हणून हेच द्रावण पट्टीखाली लावतात. ग्लुकोसाइडच्या टोकाशी साखर असते. तिच्यावर भार नाही, ती आकाराने मोठी, आणि पाण्याचे रेणू भोवती घेऊन बसलेली. प्रथिनाशी तिचं फारसं जमत नाही. हे तपासायची एक जुनी रीत आहे: मक्यातलं झाइन नावाचं प्रथिन साध्या पाण्यात विरघळत नाही, पण सर्फॅक्टंटच्या पाण्यात विरघळतं. जितकं जास्त विरघळेल तितका तो सर्फॅक्टंट कातडीला तापदायक. लॉरिल सल्फेट भरपूर झाइन विरघळवतं, ग्लुकोसाइड अगदी थोडं.

आता हातांकडे येते.

त्वचेच्या सगळ्यात वर जो मृत पेशींचा थर असतो तो तळहात-तळपाय सोडले तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकासुद्धा जाड नसतो. त्या पेशींच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांनी भरलेल्या असतात. अंगातलं पाणी अंगात ठेवायचं आणि बाहेरचं विष बाहेर ठेवायचं, ही दोन्ही कामं तो थर करतो. बेदाण्याच्या शेडवर जाऊन आलेल्याला हे मी एका वाक्यात सांगू शकते. द्राक्षं वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, यांच्या पाण्यात बुडवतात. सालीवरचं मेण ढिलं होतं, आतल्या पाण्याला वाट मिळते आणि मणी भराभर सुरकुततो. सोड्याच्या साबणाने, भांड्यांच्या वडीने दिवसातून कितीदा तरी हात धुतले की हाताच्या सालीचं हेच होतं. मेद निघून जातो, पाणी उडून जातं, साल आक्रसते, आणि पेरांवर, अंगठ्याच्या कडेला भेगा पडतात.

त्यात साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप, नऊ-दहाच्या घरात; सात म्हणजे मध्य, त्याखाली आम्ल. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, पाचच्या आसपास. साबणाने हात धुतल्यावर ती आपल्या जागी परतायला काही तास घेते. पण बागेत काम करणाऱ्या बाईला असे काही तास मिळतातच कुठे?

ऑक्टोबर छाटणी झाली की कामांची रांग लागते. काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, म्हणजे ते औषध काडीला लावणं. मग फेलफूट, म्हणजे घड नसलेले फुटवे, काढणं, घड सुटे करणं, विरळणी. मग मण्यांची फुगवण व्हावी म्हणून जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात एकेक घड बुडवणं, ज्याला सगळे डिपिंग म्हणतात. हातात पाण्याचा मग, मान वर, आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतंय. हे सगळं नेमकं थंडीत. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली; पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा बागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या येतात, गावातल्या बाया असतात, घरच्या बायाही असतात. वहिनी त्यांच्यातच. दिवस उतरला की बागेतला हिरवा-काळा डाग निघावा म्हणून हात घासायचे, मग चूल-गॅस, मग भांडी, मग धुणं. जर्मनीत कामगारांच्या सुरक्षेचे नियम आहेत, त्यांत दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ हात ओल्यात राहत असतील तर त्या कामाला वेगळी खबरदारी घ्यावी लागते. आमच्याकडे दोन तास तर चहाच्या आधीच होऊन जातात.

हात फुटले की त्रास फक्त चुरचुरण्याचा नसतो. फुटलेली साल औषधाला अडवत नाही. शाबूत कातडीतून जेवढं आत जाईल त्यापेक्षा भेगाळलेल्या कातडीतून जास्त जातं. म्हणून हे सौंदर्यप्रसाधनाचं प्रकरण आहे असं मला कधीच वाटलं नाही.

आणि तरीही हा सौम्य द्रव कुठे सापडतो? कॉलेज रोडवरच्या चकचकीत दुकानात, बाळांच्या शाम्पूत, नाजूक चेहऱ्यासाठीच्या फेसवॉशमध्ये, वातानुकूलित खोलीत काम करणाऱ्यांच्या पर्समध्ये. ज्यांचे हात दिवसभर पाण्यात, चुन्यात, मोरचुदात, औषधात असतात त्यांच्या नळावर निळी नाहीतर पिवळी वडी असते. माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी पाच-सहा घरं करतात. त्यांची बोटं मी रोज बघते. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाच्या सालीवर औषधाचा अंश किती राहिला हे प्रयोगशाळेत अगदी सूक्ष्म प्रमाणापर्यंत मोजतात. मोजायलाच हवं, दादाचा सगळा हंगाम त्या अहवालावर उभा असतो. पण तो घड ज्या हातांनी बुडवला त्या हातांच्या सालीचा अहवाल कुणी मागत नाही, याचा मला राग येतो आणि तो लपवण्याचं कारण मला दिसत नाही.

मी हे बोलले की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आपला रिठा काय वाईट होता?" मुळीच वाईट नव्हता. रविवार कारंजा, भद्रकालीकडे काष्ठौषधींच्या दुकानात आजही पोत्यातून रिठे, शिकेकाई, नागरमोथा, गवला कचरा तोलून मिळतो, आणि त्या दुकानाच्या उंबऱ्यावरचा वास मला फार प्रिय आहे. सोनार दागिने उजळायला रिठ्याचं पाणी घेतात. येवल्याची पैठणी घरी धुवायचीच वेळ आली तर जुन्या बाया रिठाच सुचवतात. रेशीम म्हणजेही प्रथिनच, त्याला सोडा सोसत नाही. रिठ्यात आणि शिकेकाईत जो फेसाळणारा पदार्थ असतो तो सॅपोनिन. त्याची बांधणी पाहिली तेव्हा मी हरखून गेले होते. एका बाजूला साखरेचे रेणू ओळीने जोडलेले, दुसऱ्या बाजूला तेलात रमणारा भाग. म्हणजे डेसिल ग्लुकोसाइडचाच आराखडा! साखरेचं टोक बसवण्याची युक्ती झाडांनी केव्हाच काढली होती.

पण रिठा डोळ्यांत गेलेला ज्याला आठवतो त्याला त्याच्या सौम्यपणाचे दाखले देऊ नयेत. न्हाणीघरात आजी डोकं चोळत असे आणि आम्ही भावंडं डोळे मिटून रडत असू. सॅपोनिन तांबड्या रक्तपेशी फोडू शकतं. सॅपोनिन असलेल्या वनस्पती कुटून डोहात टाकायच्या आणि गुंगलेले मासे धरायचे, ही रीत जगात कितीतरी ठिकाणच्या आदिवासींना ठाऊक आहे. माशाच्या कल्ल्यांना ते सोसत नाही. तेव्हा झाडापासून आलं म्हणून मवाळ, कारखान्यातून आलं म्हणून जहाल, हा हिशेब मला पटत नाही. रेणूचं टोक कसं आहे, तो कातडीत किती शिरतो, द्रावणाचा पीएच किती, किती वेळ अंगावर राहिला आणि नीट धुऊन निघाला का, एवढं विचारावं. शिकेकाईचं पाणी मुळात किंचित आंबट असतं, म्हणून केसांना मानवतं. हे आजीला माहीत होतं असं मी म्हणणार नाही, पण तिच्या केसांना ते नक्की माहीत होतं.

मग मी घरी हात धुण्याचा द्रव करायला घेतला. बाजारातून डेसिल ग्लुकोसाइड येतं तेव्हा त्याचा पीएच साडेअकरा-बाराच्या घरात असतो. साठवणीत जंतू वाढू नयेत म्हणून ते तसं ठेवतात. सौम्य म्हणून प्रसिद्ध असलेली ही वस्तू डब्यातून थेट हातावर घेतली तर ती मुळीच सौम्य नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावं. पाण्यात साधारण पाचवा हिस्सा हे द्रावण, थोडं ग्लिसरीन, आणि मग लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, थोडं थोडं घालत पीएचच्या पट्टीवर पाचाच्या आसपास आणायचं. दाटपणासाठी झँथन गम. नेहमीच्या शाम्पूला मीठ घातलं की तो दाट होतो, ग्लुकोसाइडला मिठाने फारसा फरक पडत नाही. शेवटी सोडियम बेंझोएट. घरी करायचं तर परिरक्षक नको, असा एक सूर हल्ली फार ऐकू येतो. तो मला धोक्याचा वाटतो. पाणी असलेल्या बाटलीत काही दिवसांत जिवाणू वाढतात, आणि भेगा पडलेल्या हातांना ते द्यायचे नाहीत. सोडियम बेंझोएट आम्लधर्मी द्रावणातच नीट काम करतं, त्यामुळे पीएचची पट्टी टाळून चालत नाही.

बाटली घेऊन माहेरी गेले. वहिनींच्या नळाला बोअरचं पाणी. त्या भागातली बोअरं काळ्या कातळातून पाणी देतात, ते जड. डाळ शिजायला वेळ घेतं, बादलीला पांढरे थर बसतात. अशा पाण्यात अंगाचा साबण घासला की कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून त्याचा चिकट साका होतो. तो हातावरही बसतो, आणि साबण फुटत नाही म्हणून माणूस आणखी साबण घेतो. ग्लुकोसाइडवर भार नसल्यामुळे त्याचं या क्षारांशी काही जुळत नाही. वहिनींनी थेंबभर घेऊन हात चोळले आणि म्हणाल्या, "अगं बाई, बोअरच्या पाण्यात फेस!" फेस विरविरीत होता, बुडबुडे मोठे, लवकर बसणारे. साबणाच्या साईसारख्या फेसाची सवय असलेल्या हाताला ते अपुरं वाटतं. त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा मी अडवलं नाही. फेस म्हणजे स्वच्छता हे समीकरण आपल्या हातांत लहानपणापासून बसलंय, एका संध्याकाळी सुटणारं नाही.

आधीच सांगितलं होतं, आणि इथेही सांगते: निव्वळ धुण्याचा द्रव बदलून भेगा बुजत नाहीत. वहिनींनी तीन गोष्टी बदलल्या. बागेतून आल्यावर वडीऐवजी हा द्रव. हात टिपून घेतल्या घेतल्या, ओलसर असतानाच, पेट्रोलियम जेली. आणि भांडी घासताना रबरी हातमोजे, ज्यावर सुरुवातीला घरात बरीच कुरकुर झाली. थंडी सरेपर्यंत अंगठ्याच्या कडेची खोल भेग भरून आली होती. यातलं किती श्रेय कुणाचं हे मी वेगळं काढू शकत नाही. हातमोज्यांचं थोडं नसावं. पण धुतल्यावर आग होत नाही, एवढं मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आग होत नसली की माणूस हात नीट धुतो. फुटलेल्या हाताने बाया साबण टाळतात, नुसत्या पाण्याखाली हात धरतात आणि औषधाचा अंश तसाच राहतो. मला या सगळ्यात हे सर्वांत मोलाचं वाटतं.

डोक्याला लावलं तेव्हा त्यांना आवडलं नाही. केस करकरीत झाले, विंचरताना अडकले. नुसत्या ग्लुकोसाइडने तसं होतं. शाम्पूत त्यासोबत बिटेनसारखा दुसरा मऊ सर्फॅक्टंट आणि केसांना गुळगुळीत करणारं काहीतरी लागतं. वहिनींनी डोक्यासाठी शिकेकाईच ठेवली आहे आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने, अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने, २०१७ सालचा लक्षवेधी ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून याच अल्किल ग्लुकोसाइडांची, म्हणजे डेसिल ग्लुकोसाइड ज्यातलं त्या कुळाची, निवड केली होती. सौम्य म्हणून वापर वाढला, तशी थोड्या लोकांत ॲलर्जीही दिसू लागली. चुरचुर आणि ॲलर्जी या दोन निराळ्या गोष्टी. चुरचुर कुणालाही होऊ शकते, ती मात्रेवर ठरते. ॲलर्जी एखाद्यालाच होते, पण झाली की थेंबही पुरतो. म्हणून नवीन काहीही आधी कोपराच्या खोबणीत लावून एक-दोन दिवस बघावं, आणि लाली, खाज, पुरळ आलं तर तिथेच थांबावं, बाटलीवर कितीही पानं-फुलं काढलेली असोत.

हात धुतलेलं पाणी कुठे जातं, याचा विचार नाशिकच्या माणसाला सोडवत नाही. शहराच्या मोऱ्यांमधून निघालेलं सगळं शेवटी गोदावरीतच जातं. रामकुंडावरून, तपोवनावरून नदी सायखेडा-चांदोरीकडे वळते आणि पुढे कादवेला भेटते. त्या संगमावर नांदूर मधमेश्वर आहे. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा. आमच्या लहानपणी तिथे हिवाळ्यात बदकं बघायला सायकलवरून जायचो. नाशिकच्या न्हाणीघरांत काय वापरलं जातं याचा जाब त्या बदकांनी विचारावा अशी परिस्थिती आहे. १९५० च्या दशकात जर्मनीच्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहायचे, कारण तेव्हाच्या डिटर्जंटमधल्या साखळीला फाटे होते आणि जिवाणूंना ती खाता येत नव्हती. १९६१ मध्ये त्यांनी कायदा केला, १९६४ पासून तो लागू झाला, कारखान्यांना सरळ साखळीवर यावं लागलं आणि फेस ओसरला. डेसिल ग्लुकोसाइडची साखळी सरळ, वर साखर. जिवाणू ते आनंदाने खातात, अगदी हवा नसलेल्या चिखलातसुद्धा. म्हणून ते थेट नदीत ओतावं असं मात्र नाही. जिवाणूंनी संपवेपर्यंत ते सर्फॅक्टंटच असतं, आणि माशाचे कल्ले नाजूक असतात. २०२७ च्या सिंहस्थात लाखो माणसं कुंडात उतरतील. त्यांच्या हातात साबण कुठलाही असो, तो काठावरच राहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तेलाचा प्रश्न उरतो, तो मला सुटलेला नाही. ही साखळी बहुतांशी पामच्या तेलातून येते, आणि इंडोनेशिया-मलेशियात पामच्या लागवडीसाठी जंगलं तुटली आहेत. बाटलीवरच्या "वनस्पतिजन्य" या शब्दात ते तुटलेलं जंगलही आलं. जबाबदारीने पिकवलेल्या पामचं प्रमाणपत्र असलेला माल मिळतो, तो मी घेते, थोडा महाग पडतो.

गेल्या हंगामात वहिनींनी मोटारीच्या खोलीशेजारच्या नळावर पाच लिटरचा कॅन ठेवला, शेजारी जुन्या साडीचे धुतलेले तुकडे आणि पेट्रोलियम जेलीची डबी. टोळीतल्या बाया पहिल्या दिवशी लांबच राहिल्या. मालकिणीचं महागडं काहीतरी आहे, असं त्यांना वाटलं. मग सुरगाण्याच्या एका आजींनी लावून पाहिलं आणि इतरांना सांगितलं, "चुरचुरत नाही, या." डिपिंग संपायच्या आत कॅन रिकामा झाला. दादाने खर्च मांडला तेव्हा तो बागेच्या औषधांपुढे इतका किरकोळ निघाला की त्याने वहीतल्या वेगळ्या पानावर लिहायचं सोडून मजुरांच्या चहा-नाश्त्याच्या रकमेखालीच तो टाकून दिला.

पेस्टिंगच्या दिवसांत मात्र या कॅनचा भरवसा नाही. हायड्रोजन सायनामाइड कातडी भाजतं. ते लागल्यावर काय लावावं याआधी ते लागूच नये हे बघावं लागतं, आणि तिथे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांवर चष्मा याला पर्याय नाही. वहिनींनी यंदा दादाला छाटणीआधीच बजावलंय: टोळीतल्या प्रत्येकीच्या मापाचे हातमोजे घरात आल्याशिवाय पेस्टची बाटली उघडायची नाही.